गाडीला सोलून काढता येणारं रबर कोटिंग: घरच्या घरी लावायचं कसं आणि नीट काढायचं कसं

गाडीचा रंग बदलायचाय पण कंपनीचा पेंट घालवायचा नाही, किंवा नुसते अलॉय व्हील आणि ग्रिल काळे करायचेत आणि उद्या गाडी विकताना पुन्हा होते तसे करायचेत, अशा लोकांसाठी हे लिहितोय. कंपनीच्या पेंटवर स्प्रेनं रबराचा थर चढवायचा, दोन-तीन वर्षं वापरायचा आणि नको झाला की हातानं सोलून काढायचा, खाली मूळ रंग होता तसाच. आपल्याकडं साताऱ्यात, कराडला, सांगली-मिरजेत बरीच पोरं हे करतात पण व्हिडिओ बघून दोन कॅन मागवतात, दोन पातळ हात मारतात, दोन दिवस भारी दिसतं आणि वर्षभरानं काढायची वेळ आली की नखानं खरवडत बसतात. म्हणून या सगळ्या कामात एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, लावतानाच काढायचा विचार करायचा. किती हात मारायचे, कड कुठं संपवायची, कुठल्या पेंटवर मारायचं नाही, हे सगळं त्यावरनंच ठरतं.

मुळात हे आहे काय

सिंथेटिक रबर सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेलं असतं. स्प्रे केलं की सॉल्व्हंट उडून जातं आणि मागं रबराची पातळ फिल्म राहते. यातलं सगळ्यात माहितीचं नाव म्हणजे प्लास्टी डिप, अमेरिकेत मिनेसोटामधली कंपनी, १९७२ पासूनची, आणि मूळ वापर गाडीसाठी नव्हताच, पाने-पकडींच्या मुठी त्यात बुडवून त्यांना रबराची पकड आणायची यासाठी ते होतं. गाड्यांवर मारायचं वेड नंतर आलं. आता वेगवेगळ्या कंपन्यांचं असं कोटिंग मिळतं आणि लोक सगळ्यालाच डिप म्हणतात.

आता नीट समजून घ्यायची गोष्ट. ही फिल्म गाडीच्या पेंटला फक्त धरून बसते, पण स्वतःला मात्र घट्ट चिकटते. दुसरा हात मारला की त्यातलं सॉल्व्हंट पहिला हात थोडा मऊ करतं आणि दोन्ही एकजीव होतात, तिसऱ्याचं तेच. त्यामुळं पाच-सहा हात झाले की ते पाच-सहा थर राहत नाहीत, एकच जाड चादर होते आणि सोलताना दुधावरच्या सायीसारखी अखंड निघून येते. हात कमी झाले तर चादर तयारच होत नाही, ओढलं की तुटतं आणि अर्धं गाडीला चिकटून राहतं. पातळ मारून पैसे वाचत नाहीत, उलट काढायला दुप्पट मेहनत आणि वरनं सॉल्व्हंटचा खर्च.

कुठल्या गाडीला लावू नका

कंपनीचा पेंट चांगला असेल, म्हणजे क्लिअर कोट, रंगावरचा पारदर्शक थर, शाबूत असेल, तर बिनधास्त लावा. पण आपल्याकडच्या निम्म्या जुन्या गाड्या कधी ना कधी डेंटिंग-पेंटिंगला गेलेल्या असतात, आणि खरा घोळ तिथं होतो. लोकल गॅरेजमध्ये लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर स्वस्तातला पेंट मारला असेल तर सोलताना रबराबरोबर तो पेंटसुद्धा उचलून येतो. एनसी पेंट (नायट्रोसेल्युलोजचा, थिनरनं विरघळणारा) असेल तर डिपमधलं सॉल्व्हंट त्याला मऊ करू शकतं. टचअपच्या बाटलीनं भरलेले ओरखडे पण निघून येतात. नुकताच पेंट केलेला असेल तर किमान महिनाभर तरी थांबा, पेंट आतपर्यंत वाळू दे.

बॉनेट आणि टपावरचा क्लिअर कोट उन्हानं पापुद्रे सुटून निघायला लागलेला असेल तर तिथं डिप मारून तात्पुरतं झाकलं जाईल, पण काढताना ते पापुद्रे जाणारच, हे आधीच मान्य असेल तर मारा. गंज चढलेल्या जागेवर अजिबात नको. लोकांना वाटतं वरनं रबर बसलं की गंज थांबेल, पण आत अडकलेला ओलावा जायला जागा राहत नाही आणि गंज रबराखाली निवांत पसरत जातो. आधी गंज घासून प्रायमर मारून नीट करून घ्या, मग बाकीचं बघू.

शंका असेल तर साधी परीक्षा आहे. दाराच्या खालच्या कडेला किंवा डिकीच्या आतल्या बाजूला, जिथं कुणाचं लक्ष जात नाही तिथं, हाताच्या पंज्याएवढ्या जागेत पूर्ण पाच हात मारा आणि दोन दिवसांनी सोला. पेंट मऊ झाला, फुगला किंवा रबराच्या मागं रंग लागून आला, तर त्या गाडीचा नाद सोडा.

काच, हेडलाइट, टेललाइट, ब्रेक डिस्क, सायलेन्सर, टायर आणि नंबर प्लेट यांच्यावर मारायचं नाही. मागं काळा स्मोक लुक म्हणून टेललाइटवर मारणारे आहेत, पण रात्री खंबाटकी घाटात मागच्या ट्रकला तुमचा ब्रेक लाइट दिसला पाहिजे का नको? हाय सिक्युरिटी प्लेटवर होलोग्राम आणि लेझर नंबर असतो, तिला तर हातच लावू नका.

आरटीओचं काय

आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये आरसीतली माहिती आणि गाडी यात फरक पडेल असा बदल करायला बंधन आहे. नुसते अलॉय, ग्रिल, आरशाची कव्हरं, मोनोग्राम (कंपनीचं चिन्ह आणि नावाची अक्षरं) केले तर गाडीचा रंग बदलत नाही, तो प्रश्न येत नाही. पण पांढरी गाडी पूर्ण काळी करणार असाल तर सोलून निघणारं आहे म्हणून काय झालं, नाक्यावर थांबवणाऱ्याला आरसीवर पांढरी आणि समोर काळीच दिसणार आहे. पूर्ण रंग बदलायच्या आधी आपापल्या आरटीओत जाऊन विचारा, साताऱ्याची एमएच ११, कराडची एमएच ५०, सांगलीची एमएच १०, आणि अर्ज करून आरसीवर रंगाची नोंद करून घ्या. गाडी लोनवर असेल तर बँकेची लेखी संमती आणि इन्शुरन्स कंपनीला पत्र, हे दोन्ही त्याच वेळी करून टाका, क्लेमच्या वेळी वाद नको. आणि मिलिटरीचा ऑलिव्ह ग्रीन हा रंग खासगी गाडीला चालतच नाही, केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ मध्ये तो फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना आहे. जीपवाल्यांनी हे खास लक्षात ठेवा, मॅट ऑलिव्ह डिपमध्ये फार देखणा दिसतो पण आपल्याला नाही.

कधी करायचं

हवेवर निम्मं काम अवलंबून आहे. २० ते ३० डिग्री आणि कोरडी हवा, हे सगळ्यात चांगलं. आपल्याकडं दिवाळी झाली की होळीपर्यंतचा काळ बघा. पावसाळ्यात साताऱ्यात तर नावच काढू नका, हवेत ओल असली की सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतलं पाणी बसतं आणि काळा रंग पांढुरका, धुरकट दिसायला लागतो. थंडीतसुद्धा सकाळी लवकर नको, गाडीवर दव असतं आणि पत्रा गार असतो, साधारण अकरानंतर सुरू करा आणि चार-साडेचारपर्यंत शेवटचा हात संपवा.

सांगलीकडं मार्च-एप्रिलमध्ये उलटा त्रास. पत्रा एवढा तापलेला असतो की स्प्रेचे थेंब वाटेतच वाळतात आणि पत्र्यावर पोचेपर्यंत रवाळ होऊन बसतात, हात फिरवला की खरखरीत लागतं. अशा वेळी सावली पाहिजे, आणि सावलीत उभी करून तास-दीड तास पत्रा निवू दिला पाहिजे. बॉनेटवर तळहात आरामात ठेवता आला म्हणजे मारायला हरकत नाही.

आणखी एक आपल्याकडचं. साखर कारखान्याचा सीझन चालू असेल आणि घर कारखान्याच्या आसपास असेल तर हवेतनं बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, काळी राख पडत राहते. ओल्या डिपवर बसली की ती निघत नाही. नेमके चांगल्या हवेचे महिने आणि गाळपाचे महिने एकच, त्यामुळं कारखाना पट्ट्यात राहणाऱ्यांनी उघड्यावर करूच नये, पत्र्याची शेड किंवा पाहुण्यांचं गॅरेज बघावं. शेडमध्ये करताना दोन्ही बाजू उघड्या ठेवा. आणि शेड गोठ्याला लागून असेल, शेजारी कडब्याची गंजी असेल तर ती जागा नको, याच्या वाफा पेट घेणाऱ्या असतात, त्याबद्दल खाली सांगतो.

सामान

अलॉय, ग्रिल एवढंच करायचं असेल तर ३११ ग्रॅमचे स्प्रे कॅन पुरतात. चार अलॉयला चार कॅन धरा, मोठे १७-१८ इंची असतील तर एखादा जास्त. पूर्ण गाडी कॅननं करू नका, कॅनचा पट्टा अरुंद असतो, बॉनेटवर पट्टे पट्टे दिसतात आणि बोट दुखून जातं ते वेगळंच. पूर्ण गाडीसाठी गॅलन घ्या, एक गॅलन म्हणजे ३.७८ लिटर. छोट्या हॅचबॅकला तीन ते चार, सेडानला चार, मोठ्या एसयूव्हीला पाच-सहा. गडद गाडीवर हलका रंग मारायचा असेल तर जास्त लागतं कारण खालचा रंग झाकायला हात वाढतात.

गॅलन घेताना बघून घ्या की ते स्प्रेसाठी तयार आहे की बुडवायचं घट्ट मटेरियल आहे. घट्ट असेल तर पातळ करावं लागतं, आणि तिथं लोक गॅरेजमधलं मिळेल ते थिनर ओततात. तसं करू नका, जोरदार थिनर खालच्या पेंटला लागतं आणि फिल्मही कमजोर होते, डब्यावर जे लिहिलंय तेच आणि तेवढंच टाका. नवीन माणसानं स्प्रेसाठी तयार आहे तेच घ्यावं.

गनमध्ये टर्बाइनवाली एचव्हीएलपी (कमी दाबानं जास्त हवा सोडणारी) सगळ्यात सोयीची, घरच्या विजेवर चालते आणि हवा गरम कोरडी येते. गॅरेजचा कॉम्प्रेसर वापरणार असाल तर १.८ ते २ एमएमचं नोझल लावा, टाकीतलं पाणी आधी सोडून द्या आणि लाइनला मॉइश्चर ट्रॅप पाहिजेच, नाहीतर हवेबरोबर पाण्याचे थेंब येतात.

बाकी किरकोळ: मास्किंग टेप चांगल्या कंपनीचा, रद्दी पेपर भरपूर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, मायक्रोफायबरची तीन-चार फडकी, नायट्राइल हातमोजे, आणि मास्क. मास्क म्हणजे ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजवाला हाफ फेस मास्क. रुमाल किंवा सर्जिकल मास्क याला काहीच कामाचा नाही, थेंब अडवेल, वाफ अडवणार नाही, आणि टोल्युइन, झायलीनसारख्या सॉल्व्हंटनं डोकं गरगरायला वेळ लागत नाही. मी यात कुणाचं ऐकत नाही, मास्क नसेल तर काम नाही. त्याच वाफा पेटतात पण. अगरबत्ती, बिडी-सिगरेट, जवळचा गॅस गीझर, चुलीवर पाणी तापत ठेवलेलं, वेल्डिंग, ग्राइंडर, असलं काही आसपास नको. जवळ एक फायर एक्स्टिंग्विशर ठेवा, आणि लहान पोरांना त्या दिवशी आजीकडं पाठवा.

धुणं आणि पुसणं

यात घाई करू नका. वॉशिंग सेंटरला जी गाडी धुऊन येते तिच्यावर बऱ्याचदा चमक यावी म्हणून सिलिकॉन पॉलिश मारलेलं असतं, आणि सिलिकॉनवर डिप धरत नाही, कडा आपोआप सुटायला लागतात. म्हणून या कामाला गाडी घरीच धुवा. एरवी भांडी घासायच्या लिक्विडनं गाडी धुऊ नये, पण यावेळी तेच वापरा, जुनं वॅक्स निघून जातं. दाराच्या कडा, बॉनेटची पुढची कड, चाकाच्या वरची कमान, फ्युएल लिडच्या आतली बाजू, इथं ब्रश लावून घासा, कारण डिप सुटायला सुरुवात नेहमी कडेलाच होते.

हायवेवर रोज जाणाऱ्यांच्या गाडीला दाराच्या खालच्या भागात डांबराचे ठिपके असतात. फडक्याला थोडं रॉकेल किंवा टर्पेंटाइन लावून ते काढा आणि ती जागा पुन्हा साबणानं धुवा, तेलकटपणा राहू देऊ नका. हात फिरवल्यावर पत्रा खरबरीत लागत असेल तर क्ले बार (पत्रा साफ करायची मऊ मातीसारखी वडी) फिरवून घ्या, कारखान्याची राख आणि लोखंडाचे कण पेंटमध्ये रुतलेले असतात ते त्यानंच निघतात. मग गाडी पूर्ण वाळवा. बीडिंगखाली, आरशाच्या फटीत, नंबर प्लेटच्या मागं पाणी साठून राहतं आणि नेमकं स्प्रे करताना ओघळून येतं, तिथं ब्लोअर मारा किंवा गाडी एक चक्कर फिरवून आणा. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं एकेक पॅनल पुसत जा, आणि पुसल्यानंतर उघड्या हातानं तिथं हात लावू नका.

अंगण मातीचं असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी सडा मारून ठेवा, धूळ बसते. ऐनवेळी मारला तर ओल वर येते.

मास्किंग

पेंटिंगसारखं एवढं काटेकोर मास्किंग इथं लागत नाही, हीच या कामातली मोठी सोय. काचेच्या कडेवर किंवा लाइटवर थोडं डिप उडालं आणि ते जाड असलं तर नंतर सोलून निघतं. पातळ धुरळा मात्र चिकटून बसतो आणि घासत बसावं लागतं, म्हणून काच, लाइट आणि टायर पेपरनं झाकाच. इंजिनच्या बाजूला स्प्रे जाऊ नये म्हणून बॉनेट बंद, ग्रिलच्या मागं पेपर खोचा. चाकं कापडानं झाका, ब्रेकवर उडता कामा नये.

मोनोग्राम करायचा असेल तर त्याच्याभोवती टेपची नक्षी करत बसू नका. मोनोग्रामसकट आसपासच्या वितभर जागेवर सगळीकडं मारायचं, बाहेरच्या चौकोनाला फक्त टेप. दुसऱ्या दिवशी टूथपिकनं अक्षराच्या कडेनं हलकं दाबत फिरवायचं, फिल्म तिथं तुटते, मग बाजूचं सोलायचं आणि मोनोग्रामवरचं राहतं. ब्लेड वापरू नका. कितीही हलक्या हातानं फिरवलं तरी ब्लेड क्लिअर कोटपर्यंत जातं आणि तो ओरखडा कायमचा.

स्प्रे मारणं

कॅन असेल तर चांगला मिनिटभर हलवा, आतली गोळी वाजायला लागल्यावर मिनिट मोजायचं. थंडीचे दिवस असतील तर कॅन दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, कोमटच, कढत नाही, आणि गॅसवर वगैरे तर कधीच नाही. गॅलन असेल तर तळाशी बसलेलं सगळं वर येईपर्यंत काठीनं ढवळा आणि गनच्या कपात ओतताना जाळीतनं गाळून घ्या.

पत्र्यापासून अंतर १५ ते २० सेंटिमीटर. हात पॅनलच्या बाहेरनं सुरू करायचा आणि बाहेर गेल्यावर थांबवायचा, पॅनलच्या मध्ये ट्रिगर दाबला की तिथं गोळा पडतो. मनगट वळवायचं नाही, पूर्ण हात सरळ रेषेत न्यायचा, आणि दुसरा पट्टा पहिल्यावर निम्मा चढला पाहिजे.

पहिला हात मुद्दाम अर्धवट मारायचा. खालचा रंग निम्मा दिसत राहिला पाहिजे, साधारण ५० ते ६० टक्के झाकलं की बस. इथं सगळ्यांना वाटतं काहीतरी चुकतंय, दिसतंही घाण, आणि मग झाकायच्या नादात जास्त मारतात आणि ओघळ येतात. हा हात फक्त पुढच्याला धरायला आहे. १०-१५ मिनिटं थांबा, चमक जाऊन मॅट दिसायला लागलं की दुसरा. दुसऱ्यापासून हात ओला मारायचा, म्हणजे मारल्या मारल्या पृष्ठभाग एकसारखा चमकला पाहिजे पण खाली सरकता कामा नये. ओल्या हातानं फिल्म गुळगुळीत बसते, कोरड्यानं रवाळ होते. असे एकूण पाच ते सहा हात. दोन हातांच्या मध्ये हवा दमट असेल तर २०-२५ मिनिटं थांबा.

कडांकडं वेगळं लक्ष द्या. बॉनेटचा मधला भाग आपोआप जाड होतो कारण सगळे पट्टे तिथनं जातात, पण पॅनलच्या कडेला, दाराच्या खालच्या ओठाला, बंपरच्या कोपऱ्याला थर पातळ राहतो आणि सोलायला सुरुवात तर तिथूनच करायची असते. म्हणून प्रत्येक हाताच्या आधी नुसत्या कडांवरनं एक पट्टा फिरवून घ्या आणि मग पूर्ण पॅनल मारा.

जाडी पुरेशी झाली का हे कळायला डोळा उपयोगाचा नाही, काळा रंग तिसऱ्या हातालाच पूर्ण झाकलेला दिसतो. त्यासाठी सुरुवातीलाच स्वयंपाकघरातलं एक जुनं स्टीलचं झाकण मागून घ्या, अल्कोहोलनं पुसा आणि गाडीशेजारी स्टुलावर ठेवा. गाडीला जेवढे हात तेवढेच त्या झाकणाला, त्याच अंतरावरनं, त्याच वेगानं. दुसऱ्या दिवशी झाकणाच्या कडेला अंगठ्यानं चोळा, फिल्म गोळा होऊन सुटेल, ती चिमटीत धरून हळू ओढा. अख्खी चकती एका तुकड्यात आली तर गाडीवरचं पण येईल. फाटली तर गाडीवर अजून दोन हात मारा, अजून वेळ गेलेली नाही, डिपवर डिप नंतरही एकजीव होतं. हे झाकणाचं काम कुणी करत नाही आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणात हेच सगळ्यात कामाचं आहे.

मारताना किडा बसला, केस पडला तर ओल्यात हात घालू नका, वाळल्यावर चिमट्यानं काढा आणि पुढच्या हातात ते झाकलं जातं. ओघळ आला तरी तेच, बोटानं पुसायला गेलात की तिथला थर उचलून येतो. वाळू द्या.

मास्किंग टेप शेवटचा हात ओला असतानाच काढायचा. वाळल्यावर काढला तर टेपबरोबर कडेचं रबर पण उचलतं. विसरलात तर टेपवर आणि शेजारी पुन्हा एक ओला हात मारून लगेच टेप काढा.

चमक पाहिजे असेल तर वरनं ग्लॉस टॉप कोट मिळतो, नाहीतर डिप मुळात मॅट दिसतं. माझं मत, आपल्याकडच्या धुळीत मॅटवर हाताचे डाग आणि धूळ फार दिसते, हलका ग्लॉस मारलेला धुवायला सोपा जातो.

अलॉयचं थोडं वेगळं

चाक काढून करा, जॅक आणि पाना सगळ्यांकडं असतोच, एकेक चाक काढून स्टेपनी लावत गेलं की गाडी अडकून पडत नाही. ब्रेकची काळी धूळ आतल्या बाजूनं पण घासून काढा, ती राहिली की सहा महिन्यांत डिप सुटतं. टायर आणि रिमच्या फटीत जुने पत्त्यांचे पत्ते गोल खोचत जा, टेप लावण्यापेक्षा लवकर होतं.

जिथं नट बसतो ती खोलगट जागा आणि रिमचा मागचा, हबला टेकणारा भाग, इथं डिप अजिबात जाऊ देऊ नका. मध्ये रबर राहिलं की नट आवळल्यासारखा वाटतो पण धातू धातूला बसलेला नसतो, चालताना रबर दबतं आणि नट सैल होतो. नटाच्या भोकांमध्ये कागदाचे बोळे घालून मारा. चाक बसवल्यावर ५०-१०० किलोमीटरनं नट पुन्हा तपासून घ्या. चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं काढू नका, तशीच राहू द्यात.

वाळणं आणि पुढची काळजी

चारेक तासांत हाताला वाळल्यासारखं लागतं पण गाडी दुसऱ्या दिवसापर्यंत हलवू नका. पहिला आठवडा धुऊ नका आणि शक्यतो पावसात नेऊ नका.

नंतर धुताना साधा कार शॅम्पू, मऊ फडकं. वॉशिंग सेंटरला न्यायचं असेल तर सांगा प्रेशर गन दोन फुटांच्या आत आणायची नाही आणि कडेवर सरळ मारायची नाही. वॅक्स, रबिंग, पॉलिश काही नाही. ट्रॉलीतनं खाली लोंबणारा ऊस दाराला घासून गेला तर रबर फाटतं, तेवढ्याच जागेवर दोन-तीन हात मारले की ते मिसळून जातं, मॅटमध्ये तर कळतही नाही.

पेट्रोल डिपला विरघळवतं. पंपावर टाकी भरल्यावर नोझल बाहेर काढताना दोन थेंब पडतातच, त्यामुळं लिडखाली एक फडकं धरायची सवय लावा, पडलं तर लगेच पाणी ओता, घासू नका.

दसऱ्याला गाडीची पूजा होणारच. हलक्या रंगाच्या डिपवर ओल्या हळदीचा पिवळा डाग धरतो, निघत नाही, कुंकवाचं तेच. हळद-कुंकू नंबर प्लेटच्या वरच्या काळ्या पट्टीवर किंवा काचेवर लावा, आणि झेंडूचा हार बॉनेटला सेलोटेपनं चिकटवू नका, ग्रिलला किंवा आरशाला बांधा, टेप काढताना रबर निघतं. दारावर, बॉनेटवर स्टिकर लावायचा असेल तर तो डिपवर नको, मागच्या काचेवर लावा.

काढायची वेळ

दोन ते तीन वर्षांत काढाच. दिसतंय चांगलं म्हणून ओढत नेऊ नका, उन्हानं रबर कडक होत जातं, लवचिकपणा गेला की चादर येत नाही, तुकडे तुकडे येतात. गाडी सतत उन्हात उभी असते, घराला पार्किंग नाही, अशांनी दोन वर्षांतच काढलेलं बरं.

उबदार दुपार बघा, गार रबर फाटतं. कडेला अंगठ्यानं चोळून थोडं सोडवा, मग दोन्ही हातांनी रुंद धरून पत्र्याला लागून, जवळजवळ समांतर, हळू ओढा. सरळ वर ओढलं की फाटतं. चांगलं जाड असेल तर बॉनेट एका तुकड्यात येतं. स्क्रू ड्रायव्हर, ब्लेड, पट्टी काही वापरायचं नाही.

एखाद्या जागी पातळ राहिलंय आणि निघत नाही तर त्याच्यावरच अजून तीन-चार ओले हात मारा, एक दिवस वाळू द्या, खालचं वरच्याला धरून येतं. तरी फटीत, अक्षरांच्या कोपऱ्यात राहिलंच तर डब्ल्यूडी-४० किंवा टर्पेंटाइन फडक्याला लावून पाच मिनिटं मुरू द्या आणि पुसा. पेट्रोल वापरू नका, ते पेट घेतं आणि प्लास्टिकच्या भागांना लागतं. सगळं निघालं की शॅम्पूनं दोनदा धुवा आणि वॅक्सचा एक हात द्या. पुन्हा डिपच मारायचं असेल तर मात्र वॅक्स नको, आणि आधी आठ-दहा दिवस गाडी तशीच वापरून मूळ पेंटवर कुठं काही झालंय का ते दिवसाउजेडी नीट बघून घ्या. रंगाची नोंद आरसीवर बदलून घेतली असेल तर मूळ रंगाची नोंद पुन्हा करायची राहते, ते विसरू नका.

सोललेला ढीग शेकोटीत टाकू नका, फार घाण धूर होतो. सुक्या कचऱ्यात घंटागाडीला द्या. रिकाम्या स्प्रे कॅनमधला गॅस उलटा धरून पूर्ण सोडून द्या, मगच टाका, आणि उरलेला गॅलन झाकण घट्ट लावून, उन्हापासून लांब, पोरांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा.